गंगेकाठचा उन्हाळा

उन्हाळा जवळ आला म्हणजे लोक महाबळेश्वर-माथेरानच्या गोष्टी काढतात. आमच्या घरी ही चर्चा कधी झालीच नाही. आमचे आजोळ नाशिकचे, तेही पंचवटीतले. तेव्हा सुट्टी लागली की नाशिक, हे न बोलता ठरलेले असे. आईच्या पश्चात आजोळचा वाडा मावशीने राखला आहे. तिने लग्न केले नाही, चाळीस वर्षे शाळेत मुली शिकविल्या, आणि आज पंचाऐंशीच्या घरात असूनही पहाटे गंगेवर जाऊन येते. (नाशिकच्या माणसाला गोदावरी म्हणजे गंगाच. ‘गोदावरीवर जातो’ असे म्हणणारा परगावचा समजावा.)

नाशिक काही थंड हवेचे ठिकाण नव्हे. समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर असल्यामुळे रात्री सुखाच्या जातात, एवढेच. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा चाळिशीला जाऊन टेकतो. तरी या गावाचा खरा उत्सवाचा काळ उन्हाळाच होय. फाल्गुन वद्य पंचमीला, ऊन नुकते चढू लागलेले असते, तेव्हा जुन्या नाशकातल्या पेशवेकालीन रहाडी उघडतात. रहाड म्हणजे रस्त्याच्या पोटात बांधलेला दगडी हौद. वर्षभर तो लाकडे व माती टाकून झाकलेला असतो आणि त्याच्यावरून माणसे, गाड्या बिनदिक्कत जातात. रंगपंचमीला तो उघडून, पूजा करून, रंगीत पाण्याने भरतात आणि तरुण मंडळी त्यात धप्पकन उड्या घेतात. शनिचौक, तिवंधा, दंड्या मारुती अशी त्यांची ठिकाणे. ज्यावरून आपण काल भाजी घेऊन गेलो, त्याच जागी आज माणूस गळाबुडी पाण्यात पाहावा, याची गंमत आम्हांस अजून वाटते.

चैत्र लागला की घरोघर गौर झोपाळ्यावर बसते. मावशीच्या वाड्यातील हळदीकुंकू अजून जुन्या पद्धतीचे आहे. आंब्याची डाळ, पन्हे, भिजविलेले हरभरे आणि कलिंगडाची फोड. याहून अधिक काही करावयाचे नाही, असा तिचा दंडक. शेजारणी ‘आजकाल बटाटेवडेही करतात’ म्हणून सुचवितात. मावशी ऐकून घेते आणि डाळ वाटावयास बसते. गच्चीवर कुरडया-पापड वाळत असतात. पाहुण्या आलेल्या लेकीसुना सायंकाळी भांडी बाजारात जाऊन तांब्यापितळेच्या भांड्यांची किंमत करून येतात व बहुधा रिकाम्या हातांनी परततात. एखाद्या सकाळी मुलांना घेऊन पांडवलेण्यांची टेकडी चढावी. तेथील तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्री या सातवाहन राजमातेचा लेख आहे. आपल्या दिवंगत पुत्राचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, पराक्रम तिने त्यात गायिले आहेत. मुलांना त्या लेखापेक्षा उतरताना मिळणाऱ्या उसाच्या रसात रस अधिक, हेही सांगितले पाहिजे.

नदीविषयी मात्र थोडे दुःखाने लिहावे लागते. आमच्या लहानपणी रामकुंडाच्या खालच्या अंगास पोरे पोहायला शिकत. वर गंगापूरचे धरण झाले तेव्हापासून उन्हाळ्यातले पाणी हे निसर्गाचे राहिले नाही. ते वरून सोडतील तेव्हा येणार. त्यात पुढे सिंहस्थाच्या निमित्ताने पात्राच्या तळाला काँक्रीट पडले, आणि कुंडांचे जुने झरे त्याखाली गाडले गेले, अशी गावकऱ्यांची तक्रार आहे. 2016 च्या एप्रिलात तर रामकुंड कोरडे पडले आणि स्नानासाठी टँकरने पाणी आणून ओतावे लागले. मावशी त्या दिवशी घाटावर गेली, कोरड्या पायरीवर क्षणभर बसली आणि घरी येऊन बादलीने न्हाली. त्याविषयी ती काही बोलली नाही. पावसाळ्यात हीच नदी दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत चढते आणि नारोशंकराच्या देवळातील घंटेपर्यंत केव्हा पोचते याची गावभर चर्चा होते. ती घंटा वसईच्या स्वारीतली; पोर्तुगीजांकडून चिमाजी अप्पांनी 1739 साली वसई घेतली, तेव्हाची ही आठवण.

आता रथाची गोष्ट. रामनवमीनंतर दोन दिवसांनी, कामदा एकादशीला, काळारामाचा रथ निघतो. एक रामरथ, दुसरा गरुडरथ. गरुडरथ नदी ओलांडून गावात जातो. रामरथ अलीकडच्या तीरावरच थांबतो. रथापुढे मानकरी बुवा हात जोडून, देवाकडे तोंड करून, उलट पावलांनी चालत असतात. तालमीतले पैलवान दोर ओढतात, आणि रस्त्याच्या दुतर्फा जिन्या-गच्च्यांवर बायामुलांची दाटी होते. गेल्या वर्षी आमच्या थोरल्या बंधूंची नात, इयत्ता नववीतली, परीक्षा आटोपून आमच्यासोबत आली होती. वाड्याच्या ओट्यावर आम्ही रथाची वाट पाहत उभे होतो. एकाएकी ती म्हणाली, “मावशीआजी, आमच्या पुस्तकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह आहे. तो हाच ना? मग आपल्या घरची माणसे तेव्हा कोणत्या बाजूला होती?”

आम्ही तिला इतिहास सांगितला, तेवढा तरी सांगता येत होता. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली 2 मार्च 1930 रोजी येथे सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड त्यात अग्रभागी होते. मंदिराची दारे बंद झाली. पुढे रथाचा दिवस आला, तेव्हा दोन्ही बाजूंच्या माणसांनी मिळून रथ ओढावा असा तोडगा निघाला होता. परंतु ऐन वेळी सनातनी मंडळींनी रथ पळविला, दगडफेक झाली, पुष्कळ जण जखमी झाले. सत्याग्रह त्यानंतरही काही वर्षे चालू होता, आणि दार त्यांच्यासाठी उघडले नाही. 1935 च्या ऑक्टोबरात याच जिल्ह्यातील येवल्यास बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याचे जाहीर केले. हे सारे सांगून झाले, तरी पोरीच्या प्रश्नाला आम्ही उत्तर दिलेले नव्हते, हे तिच्याही ध्यानात आले. तेवढ्यात रथ आला. “जय श्रीराम”च्या गजरात प्रश्न राहून गेला.

मे महिन्यात नाशिकला आणखी एक सोहळा असतो, आणि आमच्या मते त्याला तोड नाही. गोदाघाटावर यशवंतराव महाराजांच्या पटांगणात महिनाभर रोज सायंकाळी वसंत व्याख्यानमाला चालते. शंभरी ओलांडलेली ही व्याख्यानमाला उघड्यावर, नदीच्या वाऱ्यात आणि फुकट ऐकावयास मिळते. ज्यांच्या नावाचे ते पटांगण, ते बागलाणातले मामलेदार. दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना लोकांसाठी खुला केला आणि लोकांनी त्यांना देवमामलेदार केले. सरकारी अंमलदाराच्या नावाने देऊळ उभे राहिल्याची उदाहरणे आमच्या पाहण्यात फार नाहीत. श्रोत्यांत पेन्शनर अधिक, हे खरे. पण गळ्यात पिशवी अडकवून आलेला भाजीवालाही मागे उभा राहून अर्धा तास ऐकतो.

असेच एका सायंकाळी व्याख्यान संपले. माणसे पांगली. मावशी पायरीवर बसून राहिली. पोर तिच्या शेजारी. पाणी त्या दिवशी सोडलेले होते.

“तुझ्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहिले,” मावशी म्हणाली. “माझे वडील वीस वर्षांचे होते. रथ पळविला, त्या दोरावर ते होते. मी मोठी झाल्यावर मला एकदाच म्हणाले, की पुढे एक मनुष्य कपाळाला हात लावून खाली बसलेला त्यांनी पाहिला आणि तरी दोर सोडला नाही. नंतर ते देवळात रोज जात, पण रथाच्या दिवशी माडीवरून खाली उतरत नसत. आम्हां भावंडांना वाटे, त्यांना गर्दी सोसत नाही.”

“मग तुम्ही हे कोणाला सांगितले नाहीत?”

“कोणी विचारलेच नाही, बाळ. आणि मीही विचारले जाईपर्यंत गप्प बसले, ते माझे.”

आमच्या आईने हे आम्हांस कधी सांगितले नव्हते. तिला ठाऊक होते की नाही, हे आता कळण्यास मार्ग नाही. पोरीने मावशीचा हात धरून तिला उठविले. घाटावरचे दिवे लागले होते. वाड्यापर्यंतच्या चढावर मावशी दोनदा थांबली, आणि दोन्ही वेळा पोर तिला आणखी काहीतरी विचारीत होती.