दोन टोल्या

भाद्रपद लागण्याच्या आधीच पांडेसऱ्यातील आमच्या गल्लीत पावतीपुस्तके फिरू लागतात. गल्ली बहुतांशी खानदेशी माणसांची. धुळे, नंदुरबार, जळगावकडून कापडाच्या मिलमध्ये आणि लूमवर कामाला आलेल्यांची. गणेशोत्सव मंडळाची मुले दाराशी येऊन "काका, यंदा पाचशे एक लिहू ना?" असे विचारतात, तेव्हा आम्ही ख्रिस्ती असूनही आढेवेढे घेत नाही. याच मुलांनी एका रात्री आमच्या आजारी वडिलांना उचलून रिक्षापर्यंत नेले होते. शेजारधर्म दोन्ही बाजूंनी पाळावयाचा असतो.

काही वर्षांपूर्वी अशीच पाचशे एकाची पावती आम्ही घेतली. पुढच्या रविवारी मिस्सेच्या वेळी अर्पणाची झोळी आमच्या बाकापाशी आली. आम्ही खिशात हात घातला, शंभराच्या नोटा बोटांनी बाजूला सारल्या, खालची दहाची नोट शोधून काढली आणि ती झोळीत सोडली. वर्षानुवर्षांच्या सवयीने हे घडले. आमच्या ध्यानातही राहिले नसते. परंतु घरी परतताना आमच्या सौ. म्हणाल्या, "अहो, मंडळाला पाचशे एक दिलेत ते चांगलेच केलेत. पण हे दहा कोणत्या हिशेबाने दिलेत?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. पुढे कित्येक दिवस तो प्रश्न आमचा पाठलाग करीत राहिला.

विचार करता असे वाटले, की या दहा रुपयांचे मूळ आमच्या गावी आहे. आमचे घराणे अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. त्या मुलखात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनी आपले कार्य मांडले. १९०३ साली 'निरोप्या' मासिक सुरू करणारे फादर हेन्री डोरिंग हे त्यांच्यापैकीच. शाळा, औषधपाणी, दुष्काळात धान्य, हे सारे मिशनच्या दारी मिळे. त्यासाठी लागणारा पैसा मुख्यत्वे युरोपातील भाविकांकडून येई. पहिले महायुद्ध पेटले तेव्हा सरकारने जर्मन धर्मगुरूंना नजरकैदेत टाकले, मायदेशी धाडले, आणि ते कार्य एकाएकी पोरके झाले. परक्या देशाच्या मदतीवर उभी राहिलेली गोष्ट परक्या देशांच्या भांडणात कशी सापडते, याचा तो धडा होता. पण आमच्या वाडवडिलांनी तो गिरवला नाही. पुढे मदत दुसरीकडून आली आणि "फादर देणारे, आपण घेणारे" ही समजूत होती तशीच राहिली.

वडिलांनी मनमाडला गाडी बदलली, तापी खोऱ्याच्या मार्गाने जळगावहून उधन्याला येऊन ते उतरले आणि पांडेसऱ्याच्या एका प्रोसेस मिलमध्ये कामाला लागले. वळकटीबरोबर ही समजूतही त्यांनी सुरतेत आणली. आम्हीही ती वारसाहक्काने सांभाळली. मुलाची शाळेची फी थकली, तेव्हा आम्ही फादरांकडे गेलो. वडिलांचा अंतकाळ जवळ आला, तेव्हा फादर रात्री दीड वाजता स्कूटरवरून पांडेसऱ्यात आले आणि त्यांनी रुग्णाभ्यंग दिले. शवपेटी, दफनभूमीतील जागा, गाडी, सर्व व्यवस्था धर्मग्रामाने केली. त्या सर्वाचा खर्च कोणी सोसला, हे विचारण्याचे आम्हांस सुचलेही नाही.

पुढल्या उपवासकाळात अर्पण मोजणाऱ्यांपैकी एक गृहस्थ आजारी पडले आणि त्यांच्या जागी आम्हांस बसविण्यात आले. रविवारी दुपारी टेबलावर झोळ्या रिकाम्या झाल्या. दहाच्या नोटांचा ढीग उंच, त्याखालोखाल नाण्यांचा. वरच्या नोटा मोजक्याच. बेरीज झाल्यावर खजिनदारांनी वीजबिल पुढे ठेवले. चार रविवारांची झोळी एकत्र केली, तरी ते बिल जेमतेम भागत होते. छताची दुरुस्ती, आचाऱ्याचा आणि सफाईवाल्या बाईंचा पगार, आजाऱ्यांच्या भेटीसाठी लागणारे पेट्रोल, हे सारे त्या पलीकडचे. दहाच्या नोटांच्या त्या ढिगात आमचीही नोट होती. ती कोणती, हे ओळखता येत नव्हते, एवढाच काय तो आडोसा.

त्याच ढिगाऱ्यात लग्नपत्रिकेचे एक जुने पाकीट निघाले. आत दीडशे रुपये होते, दहा-वीसच्या चुरगळलेल्या नोटांत. खजिनदार म्हणाले, "हे दर महिन्याला येते." कोणाचे, ते त्यांनी सांगितले नाही, परंतु पत्रिका आमच्याच नात्यातल्या लग्नाची होती, म्हणून आम्ही ओळखले. त्या बाई विधवा आहेत. घरी बसून साड्यांचे धागे कापतात. एका साडीमागे हाती पडतात ते मोजके रुपये. दीडशे रुपये म्हणजे किती साड्या, याचा हिशेब आम्ही मनात करू लागलो आणि अर्ध्यावरच थांबलो.

शुभवर्तमानातील विधवेची कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. प्रभू येशू मंदिराच्या दानकोषासमोर बसून लोक काय टाकतात ते पाहत होते. धनवंतांनी पुष्कळ टाकले. तिने दोन टोल्या टाकल्या, आणि प्रभूंनी तिचेच दान सर्वांत मोठे ठरविले. हातातून किती गेले हे प्रभूंनी मोजले नाही. मागे किती उरले हे मोजले. त्या दुपारी ती कथा आमच्यासमोर टेबलावर पडली होती.

यावर कोणी म्हणेल, पैसा नीट खर्च होतो याची खात्री काय? प्रश्न रास्त आहे आणि तो विचारण्याचा आपणांस हक्कही आहे. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करताना संत पौलाने करिंथकरांना सांगितले, की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूला ठेवावे. परंतु ती रक्कम नेताना कोणी बोट दाखवू नये, म्हणून मंडळ्यांनी निवडलेली विश्वासू माणसे त्याने बरोबर घेतली. १९८३ च्या धर्मसभेच्या कायदासंहितेतही हेच दोन पाय दिसतात. २२२ व्या कलमाने उपासना, सेवाकार्ये, परोपकार आणि धर्मसेवकांचा निर्वाह यांसाठी साहाय्य करणे हे श्रद्धावंतांचे कर्तव्य ठरविले. ५३७ व्या कलमाने प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असावी असे सांगितले. आणि १२८७ व्या कलमाने भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांपुढे ठेवावयास लावले. किती द्यावे याचा आकडा मात्र कोठेच घातलेला नाही. जुन्या करारातील दशमांश आदर्श म्हणून डोळ्यांसमोर राहतो. बाकीचे ज्याच्या त्याच्या सदसद्विवेकावर सोपविलेले आहे. तेव्हा हिशेब अवश्य मागावा. मात्र ज्याने झोळीत काही टाकले आहे, त्याने मागितलेल्या हिशेबाला वजन येते.

आपल्या या सुरतेचीच एक गोष्ट येथे आठवते. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी हे शहर लुटले. तेव्हा येथे राहणारे कापुचिन संघाचे फादर अँब्रोज यांच्या मठाला त्यांनी धक्का लावू दिला नाही, आणि एका दिवंगत हिंदू दलालाचे घरही, तो हयातीत मोठा दानधर्मी होता असे कळल्यावरून, सोडून दिले. असे फ्रेंच प्रवासी बर्निये याने लिहून ठेवले आहे. एक घर भिक्षेवर जगणाऱ्या संन्याशांचे, दुसरे देणाऱ्याचे. तिजोऱ्यांनी भरलेल्या शहरात अभय मिळाले ते या दोघांना.

परमुलखात राहणाऱ्या आम्हा मराठी माणसांना तर ही गोष्ट अधिकच लागू पडते. बडोद्याच्या मराठी मंडळींना गायकवाडांचा राजाश्रय लाभला. पांडेसऱ्यातील कामकऱ्याला कोण राजा? येथे देऊळ, मंडळ, वाचनालय वा चर्च उभे राहते ते पावतीपुस्तकावर आणि झोळीवरच. परदेशी देणग्यांवरही १९७६ च्या आणि त्यानंतर २०१० च्या कायद्याने नियमांचे कुंपण घातले आहे. त्या बाजूस डोळे लावून बसण्याचे दिवस राहिले नाहीत, आणि खरे सांगावयाचे तर ते आपणांस शोभतही नव्हते.

आमच्या घरी आम्ही एक साधा नियम केला आहे. महिन्यातली एक पाळी देवाची. पगार हाती आला की एका पाळीची मजुरी प्रथम पाकिटात जाते, मग किराणा आणि भाडे. दिवाळीनंतर मिल काही आठवडे बंद राहिली, त्या महिन्यात पाकीट रिकामे होते; तेव्हा आम्ही चर्चच्या आवाराची भिंत रंगवून दिली. उसनवारी करून दान करावे, असे आम्ही कोणास सांगणार नाही. मुलांच्या तोंडचा घास काढून दिलेले दान देवालाही गोड लागत नसेल. परंतु ज्याच्या खिशात शंभराच्या नोटा आहेत त्याने त्या बाजूला सारून दहाची शोधू नये, एवढे तरी आपण एकमेकांना सांगू शकतो.

यंदाही मंडळाची मुले येतील आणि आम्ही पाचशे एकाची पावती घेऊ. सौ. आता काही विचारीत नाहीत. महिन्याच्या पहिल्या रविवारी निघताना मात्र त्या दारात थांबतात आणि पाकीट घेतले ना, एवढे पाहून कुलूप लावतात.