दोन डिस्क, पण दार एकच

संगणकात दोन हार्डडिस्क बसवल्या की माणूस निर्धास्त होतो. एकीवर जे लिहिले जाते तेच दुसरीवर आपोआप उमटते. याला रेड-१ म्हणतात. लिनक्समध्ये एमडीएडीएम नावाचे सॉफ्टवेअर हे काम करते, वेगळे कार्ड लागत नाही.

अशा एका संगणकात मी लोकांच्या परवानगीने जुन्या उर्दू कागदांचे स्कॅन ठेवतो. १९४८ पर्यंत धर्माबाद निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, आणि सरकारी दप्तर बहुतांशी उर्दूत चाले. २०२३ साली कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हापासून घरोघरच्या ट्रंका उघडल्या. लोक कागद आणतात, मी वाचून मराठीत सांगतो.

मागच्या उन्हाळ्यात पहिली डिस्क गेली. दुसरी ठणठणीत, तरी संगणक सुरूच होईना. त्याच आठवड्यात एक शेतकरी काका आजोबांच्या नोंदीची प्रत मागायला आले. मूळ कागद वाळवीने खाल्लेला. म्हणाले, "सर, तुमच्याकडं हाय ना?" होती, पण उघडत नव्हती.

कारण साधे आहे. जुन्या बायोसच्या यंत्रात डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत बूट लोडरचा पहिला तुकडा बसतो. आमच्या जोडीत प्रत तयार होत होती ती पार्टिशनची. ही जागा पार्टिशनच्या बाहेर. बसवणाऱ्याने ग्रब पहिल्याच डिस्कवर टाकला होता. दुसरीकडे सगळा माल होता, पण दार नव्हते.

पेनड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स सुरू केले. एमडीएडीएमने एकाच डिस्कवर जोडी उभी केली. तिचे नाव एमडी-० ऐवजी एमडी-१२७ दिसले. तसे होते, घाबरू नये. ती माउंट केली, डेव्ह, प्रोक, सिस जोडले, सीएचरूटने आत गेलो आणि ग्रब-इन्स्टॉल चालवले. ते पार्टिशनवर नाही, अख्ख्या डिस्कवर चालवायचे. मग अपडेट-ग्रब. संगणक उठला आणि काकांना प्रत मिळाली.

नवी डिस्क जोडीत घेतली, प्रत पूर्ण होऊ दिली आणि तिच्यावरही ग्रब बसवला. यूईएफआयचे यंत्र असेल तर ईएफआय पार्टिशन दोन्ही डिस्कवर ठेवावे लागते. नंतर संगणक बंद करून आळीपाळीने एकेक डिस्क काढून तो चालू होतो का ते पाहावे. त्याआधी सगळ्याची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, कारण रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून पुसली जाते.

ट्रंकेतल्या कागदांचेही असेच झाले आहे. शाई शाबूत आहे, वाचणारा नाही. शाळेत नस्तालिक शिकलेल्या मुलांनाही दप्तरातली घाईची शिकस्ता लिपी लागत नाही. स्कॅन वाढवून हे भागणार नाही. म्हणून दहावीची दोन मुले दर रविवारी माझ्याकडे बसतात. सध्या सातबाऱ्यासारख्या कागदांतले आकडे आणि नावे ओळखायला शिकताहेत.