दुरुस्तीला नकार देणारं टेबल

मायएसक्यूएल डेटाबेसच्या इनोडीबी या इंजिनावर माझा बरीच वर्षं राग होता. हॉस्टिंगच्या सीपॅनेलमध्ये डेटाबेसच्या पानावर ‘रिपेअर डेटाबेस’ असं बटण असतं. मायआयसॅम या जुन्या इंजिनाच्या टेबलांवर ते दाबलं की ‘ओके’ येतं आणि बंद पडलेली साइट उभी राहते. इनोडीबीचं उत्तर मात्र ठरलेलं : या इंजिनात दुरुस्तीची सोय नाही. मायएसक्यूएलने 2010मध्ये, 5.5 या आवृत्तीत, हेच इंजिन डीफॉल्ट केलं. तेव्हा शेअर्ड हॉस्टिंगवाल्यांच्या हातातला पानाच काढून घेतला, असं मी तावातावाने सांगत असे.

आता तसं म्हणवत नाही.

मत फिरलं एका वाचनालयाच्या साइटमुळे. सर्व्हर मध्येच बंद पडला आणि पुस्तकांच्या देवघेवीचं टेबल ‘क्रॅश्ड’ दिसू लागलं. पीएचपीमायअॅडमिनमधून रिपेअर केलं. ‘ओके’ आलं, पण त्याच्या वरच्या ओळीत इशारा होता : नोंदींची संख्या बदलली आहे. म्हणजे घटली. कोणत्या नोंदी गेल्या, हे यंत्र सांगेना. ग्रंथपालबाईंनी कागदी रजिस्टर काढून त्या हुडकल्या.

मायआयसॅम मजकूर एका फाइलीत ठेवतं, अनुक्रमणिका दुसरीत. रिपेअर मजकूर चाळून अनुक्रमणिका नव्याने रचतं. बिघाड तेवढाच असेल तर काही जात नाही, आणि बहुतेकदा तेवढाच असतो. पण जी नोंद वाचता येत नाही, ती गाळली जाते. इनोडीबी बदल आधी लॉगमध्ये लिहितं. सर्व्हर पुन्हा सुरू झाला की त्यावरून अर्धवट काम पुरं करतं किंवा मागे घेतं. डेटाच्या एखाद्या पानाचा चेकसम जुळला नाही तर सरळ सर्व्हरच थांबवू शकतं. उद्धट वाटतं, पण खोटं ‘ओके’ तरी म्हणत नाही. जबरदस्तीने सुरू करायचे 1 ते 6 असे टप्पे आहेत. 4पासून पुढे डेटाचं कायमचं नुकसान होऊ शकतं. ती किल्ली पॅनेलमध्ये नसते. पूर्वी मला हा अन्याय वाटे. आता रात्री दोन वाजता घाबरलेल्या माणसाच्या हाती ती नसलेलीच बरी वाटते.

मायआयसॅम टेबलं आजही भेटतात. तिथे आधी एक्सपोर्ट घेतो. ते होत नसेल तर हॉस्टिंगवाल्याकडून मूळ फाइलींची नक्कल काढून घेतो, मगच रिपेअर.

वाचनालयाचं टेबल आता इनोडीबीत आहे. सचिवांनी विचारलं, पुन्हा बिघडलं तर बटण चालेल ना? नाही म्हणालो, आणि रोजचा बॅकअप कुठे उतरतो ते त्यांना दाखवलं.