तिकिटाचा मंच आणि वर्गणीचा मंच

कायद्याच्या कचाट्यात सापडलेला गायक पुन्हा मंचावर कसा येतो, या प्रश्नाचा विचार करताना अटक, जामीन आणि निकाल यांच्याकडेच सहसा लक्ष दिले जाते. परंतु ज्या मंचावर तो परतणार असतो त्याचा खर्च कोण उचलतो, परवानगीच्या अर्जाखाली सही कोणाची असते आणि काही विपरीत घडल्यास ठाण्यात कोणाला बोलावले जाते, या गोष्टींवरही त्याचे परतणे तितकेच अवलंबून असते. रॅप, म्हणजे ठेक्यावर झपाट्याने म्हटल्या जाणाऱ्या आणि बोलण्याच्या जवळ जाणाऱ्या यमकबद्ध ओळींचा प्रकार, महाराष्ट्रात दोन वेगळ्या मंचांवर ऐकू येतो : एक तिकीट विकून उभा राहणारा, आणि दुसरा वर्गणी जमवून उभा केलेला. खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजा हे गाव अर्थातच दुसऱ्या मंचाच्या मुलखात मोडते. प्रस्तुत लेखक या गावाच्या जयंती उत्सव समितीत काम करीत आलेला असल्यामुळे पुढील विवेचनाचा बराचसा भाग त्याने जे पाहिले आणि ज्याच्याखाली स्वतः सही केली, त्यावर आधारलेला आहे.

तिकिटाच्या मंचावरील पुनरागमनाचे सर्वांत ठळक उदाहरण विदर्भाशी निगडित आहे, ही बाब फारशी लक्षात घेतली जात नाही. पंजाबी रॅपर यो यो हनी सिंग यांच्या नावावर असलेल्या अश्लील गाण्यांविरुद्ध नागपुरात २०१४ मध्ये तक्रार झाली, तिच्यावरून पुढे गुन्हा नोंदवला गेला आणि २०२२ च्या आरंभी न्यायालयाच्या आदेशानुसार त्यांना आवाजाचा नमुना देण्यासाठी पाचपावली पोलीस ठाण्यात हजर राहावे लागले. आवाजाचा नमुना म्हणजे वादग्रस्त ध्वनिमुद्रणातील आवाज आरोपीचाच आहे की नाही, हे न्यायवैद्यक प्रयोगशाळेत ताडून पाहण्यासाठी घेतलेले नवे ध्वनिमुद्रण. मधल्या काळात दीर्घ मानसिक आजार आणि कौटुंबिक हिंसाचाराची तक्रार यांमुळेही त्यांचे नाव चर्चेत राहिले होते. तरीही २०२५ च्या फेब्रुवारीत मुंबईपासून सुरू झालेल्या त्यांच्या ‘मिलियनेअर इंडिया टूर’मध्ये दहा शहरांची यादी जाहीर झाली आणि तिकिटे हातोहात खपली. इंदूर येथे अडचण आली ती गाण्यांच्या मजकुरामुळे नव्हे, तर मनोरंजन कराच्या थकबाकीवरून महानगरपालिकेने साउंडचे साहित्य जप्त केल्यामुळे, हे या मंचाचा स्वभाव समजून घेण्यास पुरेसे आहे. अमेरिकेत मीक मिल किंवा यंग थग यांच्यासारख्या रॅपरांच्या बाबतीत प्रोबेशन, म्हणजे शिक्षेऐवजी किंवा शिक्षेनंतर न्यायालयाच्या देखरेखीखाली काढावयाचा अटींचा काळ, वर्षानुवर्षे लांबतो आणि यंग थग यांच्या खटल्यात तर त्यांच्या गाण्यांच्या ओळीच पुरावा म्हणून मांडल्या गेल्या. तथापि दौरा आखणारी कंपनी, विमा आणि वकिलांची फौज तिकिटाच्या मंचावर कलावंताच्या पाठीशी असते आणि दहा शहरांची जोखीम एकाच करारात उचलली जाते.

पिंपळगाव राजा येथील ज्या तरुणांनी नांदुरा किंवा शेगाव येथून महाराष्ट्र एक्स्प्रेस धरून पुण्यात नोकरी शोधली आहे, त्यांच्या मोबाइलमध्ये हनी सिंग आहेतच. परंतु गावात त्यांची जी चर्चा होते ती तिकिटाच्या दरापुरती मर्यादित असते. गावाला प्रत्यक्ष भिडले ते २०२३ च्या एप्रिलमधील प्रकरण. छत्रपती संभाजीनगरचे तरुण रॅपर राज मुंगासे यांनी राज्यातील सत्तांतरावर टीका करणारे एक रॅप प्रसारित केले. त्यात कोणाचे नाव नव्हते, मात्र ‘खोके’, म्हणजे बोलीत एक कोटी रुपये, हा विधान भवनाच्या पायऱ्यांवर आधीच गाजलेला शब्द होता. युवासेनेच्या पदाधिकाऱ्याच्या तक्रारीवरून अंबरनाथ येथे बदनामी आणि तेढ निर्माण करणे यांसंबंधीच्या कलमांखाली गुन्हा दाखल झाला. त्याच सुमारास मुंबईतील उमेश खाडे यांच्याही रॅपवरून पोलीस कारवाई झाली. पुणे विद्यापीठाच्या आवारात चित्रित झालेल्या एका रॅपचे प्रकरणही त्याच महिन्यातील, परंतु तो वाद जागेच्या वापराचा आणि शिवराळ भाषेचा असल्यामुळे येथे बाजूला ठेवणे योग्य ठरेल. मुंगासे यांची बाजू जितेंद्र आव्हाड आणि अंबादास दानवे या तेव्हाच्या विरोधी बाकांवरील नेत्यांनी उघडपणे घेतली, त्यामुळे त्यांचे नाव खेड्यापाड्यांत पोहोचले. मुंगासे यांच्यावरील गुन्हा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातला, आणि चौदा एप्रिल, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची जयंती, तोंडावर आलेली होती.

ज्यांनी जयंतीची वर्गणी कधी गोळा केलेली नाही, त्यांना या योगायोगाचे वजन कळणे कठीण आहे. जयंतीआधीच्या आठवड्यात समितीकडे मंडपवाला, साउंडवाला आणि गायकाची सुपारी, म्हणजे कार्यक्रम पक्का झाल्याची आगाऊ रक्कम, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी येऊन उभ्या राहतात. ग्रामपंचायतीची ना-हरकत, तात्पुरती वीजजोडणी आणि ध्वनिक्षेपकाचा परवाना मिळवावा लागतो. आणि अर्जासोबत एक हमीपत्र द्यावे लागते, ज्यात कार्यक्रमामुळे शांततेचा भंग झाल्यास सही करणारा जबाबदार राहील, असे लिहिलेले असते. ध्वनिप्रदूषणासंबंधीच्या २००० च्या नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही आणि वर्षातील मोजक्या दिवसांपुरती मध्यरात्रीपर्यंतची सवलत कोणत्या तारखांना लागू होईल, याकडे समित्या डोळे लावून असतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मधील ज्या कलम ३७ ला लोक जमावबंदीचे कलम म्हणून ओळखतात, त्यात शस्त्रे, दगड आणि प्रेतांचे प्रदर्शन यांच्या पंक्तीला सार्वजनिक ठिकाणी गाणी गाणे आणि वाद्ये वाजवणे हेही बसवलेले आहे. हा मजकूर समितीतील फार थोड्यांनी वाचलेला असतो, परंतु त्याचा धाक मात्र सर्वांना ठाऊक असतो.

त्या वर्षी तरुणांनी भीमगीतांच्या कार्यक्रमात अर्धा तास रॅपला द्यावा, असा आग्रह धरला आणि तालुक्यातील एका मुलाचे नाव सुचवले. हमीपत्रावर प्रस्तुत लेखकाची सही होणार असल्यामुळे समाजमंदिरातील बैठकीत त्याचे मत विचारले गेले, आणि मजकूर आधी पाहावा, असे ठरले. वहीच्या दोन पानांवर निळ्या शाईत लिहिलेल्या त्या ओळी समितीतील एका ज्येष्ठ, निवृत्त शिक्षकांनी चष्मा सावरीत, ठेक्याशिवाय, ग्रामसभेची नोटीस वाचावी त्या स्वरात वाचून दाखवल्या. तरुण पोरे भिंतीला टेकून हसू दाबत होती. कापसाच्या भावावरील ओळींना कोणाची हरकत नव्हती, पीकविम्यावरील ओळी तर पुन्हा वाचावयास लावण्यात आल्या. मात्र जिथे एका लोकप्रतिनिधीची ओळख पटू शकत होती त्या दोन ओळी ‘मास्तर, एवढं राहू द्या’ या एका वाक्यावर वगळल्या गेल्या, आणि ते वाक्य उच्चारणाऱ्याचा हमीपत्राशी काडीचाही संबंध नव्हता. ठाण्यात अर्ज दिला तेव्हा बीट जमादारांनी विचारले ते साउंड किती बॉक्सचा आणि मिरवणूक कोणत्या रस्त्याने जाणार, एवढेच. गाण्यांच्या मजकुराविषयी त्यांनी अवाक्षरही काढले नाही. नाटकांसाठी महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ आहे, म्हणजे संहिता प्रयोगापूर्वी तपासणारी शासकीय यंत्रणा. मंडपातील गाण्यासाठी अशी यंत्रणा नसताना समितीने ती स्वतःच उभी केली आणि शासनापेक्षा कडकपणे चालवली, असेच म्हणावे लागते. कार्यक्रम उत्तम झाला, आणि दहाला पाच मिनिटे कमी असताना साउंडवाल्याने आवाज उतरवला.

जामिनावर सुटलेल्या कलावंताला परतावयाचे असते ते अशाच बैठकांमधून. कबीर कला मंच या पुण्यातील सांस्कृतिक गटाच्या शीतल साठे आणि सचिन माळी यांच्यावर बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंधक) अधिनियमाखाली, म्हणजे ज्यात जामीन मिळणे अपवादात्मक मानले जाते त्या कायद्याखाली, आरोप ठेवण्यात आले होते. काही काळ अज्ञातवासात काढल्यानंतर २ एप्रिल २०१३ रोजी ते दोघे मुंबईत विधान भवनासमोर प्रकट झाले आणि आपण शरण येत नसून सत्याग्रह करीत आहोत, अशी त्यांची भूमिका होती. गरोदर असलेल्या साठे यांना त्याच वर्षी जूनमध्ये उच्च न्यायालयाकडून जामीन मिळाला. माळी यांना मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१७ मधील आदेशापर्यंत थांबावे लागले. पुढे त्या दोघांनी ‘नवयान महाजलसा’ उभा केला. जलसा म्हणजे गाणी आणि संवाद यांतून प्रबोधन करणारा कार्यक्रम, ज्याची परंपरा सत्यशोधकांपासून भीमराव कर्डक यांच्या आंबेडकरी जलशापर्यंत पोहोचते. आणि तिकीटबारी हे त्याचे घर कधीच नव्हते. साठे यांचा आवाज जयंतीच्या मंडपांमधून पुन्हा घुमू लागला, याचे श्रेय जामिनाच्या आदेशाइतकेच वर्गणीची पावती फाडणाऱ्या आणि हमीपत्रावर सही करणाऱ्या अनोळखी माणसांना द्यावे लागेल, कारण अशा कलावंताची प्रत्येक सुपारी ही स्वतंत्र जोखीम असते आणि एक घाबरलेला सहीवाला एक तारीख बुडवण्यास पुरेसा असतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि तेढ निर्माण करण्याच्या कलमाचा क्रमांक ५०५ ऐवजी ३५३ झाला. मंडपाच्या व्यवहारात त्यामुळे काही फरक पडल्याचे दिसत नाही. कलावंतावर गुन्हा दाखल आहे काय, असा रकाना पिंपळगाव राजा येथे समितीने भरलेल्या अर्जात कधीही नव्हता, आणि तरीही नाव सुचवले की पहिला प्रश्न तोच येतो. समितीने यावर काढलेला उपाय साधा आहे : हमीपत्रावर आता एकाऐवजी पाच जणांच्या सह्या घेतल्या जातात, आणि ज्याची सही नाही त्याला ओळी वगळण्याविषयी बोलता येत नाही.