झोळीची दोरी

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या गावच्या पाझर तलावावर मीही कामाला होते. हजेरीपटावर नाव नव्हतं, कारण वय आठ. बाभळीच्या फांदीला झोळी, झोळीत चार महिन्यांचा भाऊ आणि दोरीचं टोक माझ्या पायाच्या अंगठ्याला, म्हणजे हात सागरगोट्यांना मोकळे. झोळी कसली, मायचं विरलेलं लुगडं. पाटी डोक्यावर घेऊन माय जाता जाता विचारायची, "निजलं का लेकरू?" मी मान हलवायची.

ओळीनं पाच-सहा झोळ्या असायच्या. एखादी बाई अफूचा कण बोटावर घेऊन लेकराला चाटवायची. लेकरू कसं गप निजतं, याचं तेव्हा कौतुक व्हायचं. अफूनं श्वासही मंदावतो, हे सांगायला तिथं कोण होतं?

एका दुपारी सुकडी वाटायला आली आणि मी दोरी टाकून रांगेत पळाले. परतले तर भाऊ झोळीच्या तळाशी मुटकुळं होऊन पडलेला, हनुवटी छातीला टेकलेली, तोंड लुगड्यात. आवाज नाही. शेजारच्या म्हातारीनं त्याला उचलून खांद्यावर टाकलं, पाठीवर थोपटलं. तो रडला तेव्हा मलाही रडू फुटलं. मायला हे मी कधीच सांगितलं नाही.

आता मी धाराशिवला राहते. (सरकारी पाट्यांवर हे नाव २०२३ साली आलं, आमच्या तोंडी आधीपासून होतंच.) सून बँकेत जाते, सात महिन्यांची नात पाळणाघरात. पहिल्या दिवशी मी पिशवी भरून नेली: मोहरीची उशी, कुंची, हातानं शिवलेली वाकळ. तळाशी अडकित्ताही होता, दृष्टीसाठी. पाळणाघराच्या ताईंनी एकेक वस्तू काढून माझ्याच हातात दिली. "काकू, उशी नको, वाकळ नको. थंडी असली तर अंगात जाड कपडे घाला, पण झोपताना टोपी-कुंची नाही." अडकित्ता बघून त्या नुसत्या हसल्या.

आत कठड्याची खाट, टणक गादी, घट्ट बसलेली चादर आणि त्यावर उताणी नात, एकटी. पाळणाही नाही, झोकाही नाही. माझ्या डोळ्यांना ते उघडंबोडकं वाटलं, खोटं कशाला बोलू? पालथी पडली तर, विचारलं. म्हणाल्या, आपली आपण वळायला लागली की वळू द्यायचं, पण निजवताना उताणीच. घरी उताणं झोपणारं मूल पाळणाघरात कुणी पालथं घातलं तर झोपेत दगावण्याचा धोका उलट वाढतो, म्हणून नव्या मावशीला त्या आधी हेच शिकवतात.

अमेरिकेत मुलांना पालथं निजवायची चाल होती. १९९२ मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं ती सोडायला सांगितलं आणि पुढं झोपेत दगावणारी बाळं खूप कमी झाली. आमची आजी मूल उताणंच निजवायची, पण डोकं गोल व्हावं म्हणून. श्वासाचा हिशेब तिनं केला नव्हता. केला असता तर उशी काढली असती आणि दार लावून शेगडीची धुरीही दिली नसती.

कामावरच्या लेकरांचा विचार पुढं कायद्यानंही केला. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात सहा वर्षांखालची पाच मुलं कामावर आली तर एका बाईला सांभाळायला बसवायचं आणि मजुरी द्यायची, असं लिहिलं. माझी मजुरी बुडाली म्हणायची! अंगणवाडीला जोडून सरकारची 'पाळणा' योजनाही आहे, पण ती घेते सहा महिन्यांच्या पुढचं मूल. आणि झोपेत दगावण्याची भीती सर्वांत जास्त असते ती पहिल्या सहा महिन्यांतच. त्या वयाची लेकरं मायच्या मागं उसाच्या फडावर जातात.

दसरा झाला की भूम, परंडा, वाशी, कळंबकडचे कोयते उसाला निघतात. परवा पाळणाघरातून येताना चौकात ट्रॅक्टर उभा होता. ट्रॉलीत भांडी, सरपण, अंथरुणं, एक शेळी. दांडीला साडीची झोळी होती आणि दोरी धरून एक पोरगी बसली होती, आठेक वर्षांची. मी जवळ जाऊन म्हटलं, "बाई, लेकराचं तोंड दिसतंय का बघ."

तिनं वाकून साडी बाजूला केली. "दिसतंय की," म्हणाली, आणि पुन्हा झोका देऊ लागली.