माशांआधी पाणी

घरात काचेची पेटी ठेवली की येणारा-जाणारा मासे पाहतो, पाण्याकडे कोणी पाहत नाही. पण मासा त्याच पाण्यात खातो, त्याच पाण्यात घाण करतो आणि त्याच पाण्यात श्वास घेतो. त्यामुळे फिल्टरवर त्या मुक्या जिवाचे जगणे अवलंबून असते.

आमच्या धाकट्याने नववीत गेल्यावर माशांचा हट्ट धरला. ह्यांच्या ओळखीच्या एका साहेबांनी बदलीच्या वेळी आपली तीन फुटी पेटी आम्हाला दिली होती. धाकट्याला हवे होते सिक्लिड. हे कूळ मोठे आहे. एंजल, ऑस्कर, डिस्कस, फ्लॉवरहॉर्न हे सगळे त्यातलेच. गोव्याकडचा कालुंदर आणि बाजारात मिळणारी चिलापीसुद्धा त्याच घराण्यातली. यातले बरेच मासे खादाड, आणि खाणे जास्त तशी घाणही जास्त.

दुकानदार म्हणाला, "ताई, हा घ्या. डब्यावर लिहिलंय, ताशी ६०० लिटर." मी म्हटले, आधी घरी हिशेब करू. धाकट्याने टेप लावली. लांबी ९१, रुंदी ३८, उंची ३८ सेंटीमीटर. गुणाकाराला हजाराने भागले, १३१ लिटर आले. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा सोडली तर पाणी ११० लिटरच्या आसपास. साधारण पेटीचे सगळे पाणी तासाला चार-पाच वेळा फिल्टरमधून जावे. घाण करणाऱ्या सिक्लिडसाठी सहा ते दहा वेळा. शिवाय डब्यावरचा आकडा रिकाम्या पंपाचा असतो. आत स्पंज भरला, त्यात कचरा अडकला की धार बरीच कमी होते.

ऑस्कर फूटभर वाढतो. त्याला आमची पेटी म्हणजे कोंडवाडा. मुलाचा चेहरा पडला, पण मी ऐकले नाही. शेवटी चार लहान एंजल ठरले. त्यांना जोराची धार सोसत नाही. बाहेर ठेवायचा कॅनिस्टर फिल्टर आमच्या बोनसात बसत नव्हता. म्हणून तोच ६०० लिटरवाला घेतला, त्याचे तोंड काचेकडे वळवले आणि जोडीला हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर लावला. एक बंद पडला तरी दुसरा चालू राहतो. दोन्ही मिळून १५ वॅट, म्हणजे चोवीस तास चालवून महिन्याला जवळपास ११ युनिट. हे ह्यांना आधीच सांगितले.

फिल्टर नुसता कचरा गाळत नाही. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, तो विषारी. स्पंजावर वाढणारे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, ते बरेच कमी घातक. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही माशांविना पेटी चालू ठेवली आणि रोज चिमूटभर खाद्य टाकले. शेजारच्या वहिनी हसायच्या, "रिकामं पाणी काय बघत बसता?" तपासणीच्या थेंबांनी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दाखवले, तेव्हाच मासे आणले.

नायट्रेट मात्र फिल्टर काढत नाही. त्यासाठी आठवड्याला पाव पेटी पाणी बदलावे. नळाच्या पाण्यातले क्लोरीन आधी घालवावे. स्पंज पेटीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. नळाखाली धुतला तर जिवाणू मरतात. वीज बराच वेळ जात असेल तर बॅटरीवरचा हवापंप जवळ असावा.

आता दर रविवारी धाकटा बादली घेऊन बसतो. त्याला सांगावे लागत नाही.

तुमच्या घरी मूल मासे मागत असेल तर आधी पेटी मोजायला लावा. मग पेटीला झेपेल असा मासा आणि माशाला पुरेल असा फिल्टर निवडा. खिशाला परवडत नसेल तर लहान मासे, तेही थोडेच ठेवा. जीव घरात आणला की त्याचा श्वास आपल्या हाती असतो, हे मुलाला लहानपणीच कळलेले बरे.