सुपरचार्जर की दुसरं इंजिन? खानदेशातल्या उन्हाचा हिशेब

आठ-दहा वर्षांची, बाराशे सीसीची पेट्रोल गाडी, पत्रा शाबूत, कर्ज फिटलेलं आणि मालकाचं रोजचं येणंजाणं जळगाव-पाळधी-एरंडोल-पारोळा-धुळे या पट्ट्यातलं. अशा मालकाची तक्रार बहुधा एकच असते: गाडी उचलत नाही. चार माणसं आणि ए.सी. असला की ट्रकमागे अडकायचं, खालचा गिअर टाकायचा आणि समोरून येणाऱ्या दिव्यांकडे बघत मन घट्ट करायचं. यावर हल्ली दोन उपाय सुचवले जातात. एक, आहे त्याच इंजिनावर सुपरचार्जर चढवायचा, म्हणजे क्रँकच्या पुलीवरून पट्ट्यानं फिरणारा हवेचा पंप बसवून सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबायची. दुसरा, इंजिनच उतरवून मोठं बसवायचं. दोन्हींची चर्चा अश्वशक्ती आणि खर्च या दोन आकड्यांवर चालते. माझ्या मते खानदेशात तिसरा आकडा आधी मांडायला हवा, तो मे महिन्यातल्या दुपारच्या तापमानाचा. तो मांडला की दोन्ही पर्यायांची प्रतवारी बदलते आणि शेवटी ज्याचा कुणी विचार करत नाही असा एक तिसरा, कंटाळवाणा पर्याय वर येतो.

आधी गरज किती, ते मोजू. माणसांसह बाराशे किलोची छोटी गाडी सपाट रस्त्यावर ताशी ९० किलोमीटरनं धावताना हवेचा आणि टायरांचा विरोध मिळून साधारण साडेतीनशे न्यूटनच्या पुढेमागे भरतो. त्यावर मात करायला बारा-तेरा अश्वशक्ती पुरते, ए.सी. धरला तर आणखी तीन-चार. म्हणजे ७५-८० अश्वशक्तीचं इंजिन बहुतेक वेळ आरामात असतं. कस लागतो तो ओव्हरटेकला. तीच गाडी ६० वरून ९० वर न्यायला सुमारे दोनशे किलोज्यूल ऊर्जा लागते. चाकांपाशी ३० किलोवॅट शिल्लक असतील तर त्याला सात सेकंद लागतात, ४० असतील तर पाच. रावेर-यावलकडून केळी भरून निघालेल्या ट्रकमागे दुपदरी रस्त्यावर हे दोन सेकंद फार मोठे असतात, त्यामुळे मागणी हौसेची आहे म्हणून ती उडवून लावणं बरोबर नाही. पण याच पट्ट्यातल्या तरसोद-फागणे चौपदरीकरणानंतर ट्रकला ओलांडताना समोरून कुणी येत नाही, त्यामुळे त्या दोन सेकंदांची किंमत बरीच उतरली आहे. चोपडा, अमळनेर किंवा शिरपूरच्या आतल्या रस्त्यांवर रोज जाणाऱ्यांना अजूनही ती मोजावी लागते. एवढी गरज मान्य करून पुढे जाऊ.

आता ऊन. जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणं नवलाचं राहिलेलं नाही. इंजिनांची शक्ती साधारण २५ अंशांच्या हवेवर सांगितली जाते. ४५ अंशांना हवा विरळ होते आणि प्रत्येक घोटात सुमारे सहा टक्के ऑक्सिजन कमी येतो. हे नुकसान लहान आहे, खरी अडचण रेडिएटरची आहे. पेट्रोलमधल्या उष्णतेचा ढोबळ एक तृतीयांश भाग चाकांकडे जातो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून आणि उरलेला पाण्यातून बाहेर पडतो. रेडिएटर किती उष्णता टाकू शकेल हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९५ अंशांवर आणि हवा २५ वर असेल तर फरक ७० चा. हवा ४५ वर गेली की तो ५० वर येतो, म्हणजे तोच रेडिएटर जवळजवळ तीन दशांशांनी लहान झाल्यासारखा वागतो. त्यात डांबरालगतची हवा आणखी तापलेली, पुढे ए.सी.चा कंडेन्सर, जाळीत कापसाची आणि रस्त्याची धूळ, आत बोअरच्या जड पाण्याचा क्षार. कारखान्यानं ठेवलेली सवलत या सगळ्यात आधीच खर्ची पडलेली असते. अशा इंजिनावर आपण तीस अश्वशक्ती वाढवायला निघालो, तर पूर्ण जोरात चालताना पाण्यात जवळपास तेवढीच जास्तीची उष्णता, म्हणजे वीस-बावीस किलोवॅट, ओतायला निघालो आहोत.

सुपरचार्जरचं दुखणं याच्याही आधी, हवा इंजिनात शिरतानाच सुरू होतं. हवा दाबली की ती तापते. अर्धा बार दाब वाढवणारा, साठ टक्के कार्यक्षमतेचा साधा ब्लोअर घेतला तर २५ अंशांची हवा ८५ च्या आसपास बाहेर पडते आणि ४५ अंशांची ११० च्या. इंटरकूलर लावून ती थंड करता येते, पण इंटरकूलर कितीही चांगला असला तरी बाहेरच्या हवेपेक्षा थंड काही करू शकत नाही, आणि बाहेरची हवाच ४५ ची आहे. दहा-अकराच्या कॉम्प्रेशन रेशोसाठी घडवलेल्या इंजिनात अशी तापलेली, जादा हवा आली की ठिणगीच्या आधीच किंवा ठिणगीनंतर कोपऱ्यात मिश्रण आपोआप पेटतं. याला मिस्त्री ‘इंजिन ठोकतंय’ म्हणतात. त्यात पिस्टनच्या रिंगांमधल्या पट्ट्या तुटतात, हेड गॅसकिट फुंकलं जातं. पेट्रोलमधलं इथेनॉल इथे थोडी मदत करतं हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. त्याचा ऑक्टेन जास्त असतो आणि बाष्प होताना ते उष्णता शोषतं. मात्र त्याच्यात पेट्रोलच्या दोन तृतीयांश एवढीच ऊर्जा असल्यानं तेवढ्याच हवेला जास्त इंधन लागतं आणि मूळचे इंजेक्टर लवकर अपुरे पडतात.

यावर जाणकार दोन हरकती घेतात. पहिली अशी की जादा शक्ती रोजच्या गाडीत काही सेकंदच वापरली जाते, मग रेडिएटरची एवढी चिंता कशाला? पाण्याच्या बाबतीत ही हरकत मला मान्य आहे. पाण्याचा साठा हळू तापतो आणि पाच सेकंदांच्या ओव्हरटेकनं सुई हलत नाही. पण ठोकणं सेकंदाच्या शंभराव्या भागात घडतं. जळगावच्या अजिंठा चौफुलीवर पाच मिनिटं थांबलेल्या गाडीच्या बॉनेटखालची हवा आणि ब्लोअरचं आवरण दोन्ही भाजलेले असतात, आणि सुटल्यावरचा पहिला जोर त्याच हवेवर काढला जातो. दुसरी हरकत अशी की आजच्या इंजिनांना नॉक सेन्सर असतो, तो ठिणगी मागे ओढून इंजिन वाचवतो. वाचवतो खरा, पण कसा? शक्ती काढून घेऊन. डिसेंबरात पैसे मोजून घेतलेले घोडे मे महिन्यात कॉम्प्युटर परत घेतो, आणि पट्ट्याला लागणारी चार-पाच अश्वशक्ती मात्र ब्लोअर वसूल करतच राहतो.

मग कारखान्यातून आलेल्या, तशीच जादा हवा कोंबणाऱ्या टर्बो गाड्या जळगावात मे महिन्यात धावतातच ना? धावतात, आणि नीट धावतात. म्हणूनच त्या कशा बनतात ते बघण्यासारखं आहे. निसाननं भारतात २०१० साली आणलेल्या मायक्राचं ११९८ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन ७६ अश्वशक्तीचं होतं. ओरगडमच्या त्याच कारखान्यातून मायक्रा युरोपलाही जात. युरोपात त्यांनी त्याच क्षमतेचं सुपरचार्जर लावलेलं ९८ अश्वशक्तीचं इंजिन विकलं. रोजच्या वापराच्या छोट्या गाडीवर सुपरचार्जर, म्हणजे आपलाच प्रश्न. त्यासाठी निसाननं इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारलं, व्हॉल्व्हचं वेळापत्रक मिलर पद्धतीचं केलं, कॉम्प्रेशन त्यानुसार नव्यानं ठरवलं आणि हळू चालताना ब्लोअर सुटावा म्हणून त्याला विजेचा क्लच दिला. बावीस घोड्यांसाठी जवळजवळ नवं इंजिनच झालं. आपल्या रेल्वेनंही तेच केलं. ताप्ती मार्गावर वीज येण्याआधी धावणारी डब्ल्यूडीएम-२ ही २६०० अश्वशक्तीची डिझेल इंजिनं पुढे त्याच सोळा सिलिंडरांवर ३१०० अश्वशक्तीची झाली. पण तेव्हा केवळ टर्बो बदलून भागलं नाही, आफ्टरकूलर मोठा आला, इंधन पंप आणि कॅमशाफ्टही बदलले. बाजारातला किट विकणारा यातला फक्त पहिला भाग विकतो.

इंजिन बदलण्याच्या बाजूनं यंत्रशास्त्र उभं राहतं ते याच कारणानं. मोठं, दाब न घेणारं इंजिन तेवढीच शक्ती कमी ताणात देतं आणि त्याच्या कारखान्यानं त्याचा रेडिएटर, तेल, इंधनाचा नकाशा हे सगळं आधीच ठरवलेलं असतं. हिंदुस्तान मोटर्सनं काँटेसा १४८९ सीसीच्या जुन्या इंजिनावर सुरू केली आणि मग तिच्यात इसुझूचं १८१७ सीसीचं बसवलं. तेच इंजिन पुढे अँबॅसेडरमध्ये आलं, पण सोबत पाच गिअरचा बॉक्स आणि खाली बसवलेला गिअरदांडाही आला. महाराष्ट्रभर पेट्रोल जीपमध्ये डिझेल बसवण्याची जी लाट होती तिच्या यशामागे हेच होतं की जीपचं बॉनेट रिकामं, चेसिस दणकट आणि वायरिंग मोजकं. आजच्या गाडीत इंजिनासोबत ईसीयू, चावीचा इमोबिलायझर, ए.बी.एस., पंख्यांची जोडणी, एक्सलचे शाफ्ट, पुढच्या स्प्रिंगा आणि ब्रेक हे सारं यावं लागतं. हा पूर्ण संच न आणता भंगारातलं नुसतं इंजिन आणून बसवणं मला सुपरचार्जरपेक्षाही वाईट वाटतं. संच पूर्ण असेल तर मात्र खानदेशच्या उन्हात मी सुपरचार्जरपेक्षा ते मोठं इंजिन निवडेन.

निवडेन, पण रस्त्यावर चालवू शकणार नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकानं करू नये. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये याच कलमाचा अर्थ कडकपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२अ नुसार अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. सीएनजीसारखं वेगळं इंधन किंवा बॅटरी यांच्या मंजूर किटला सवलत आहे, शक्तीसाठी केलेल्या बदलाला नाही. सुपरचार्जर बाहेरून दिसत नाही म्हणून तो सुटतो हा समज खोटा आहे. नोंदणीच्या अर्जात अश्वशक्तीचाही रकाना असतो, आणि अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर बॉनेट उघडतोच. न कळवलेला बदल सापडला की स्वतःच्या नुकसानीचा दावा नाकारायला विमा कंपनीला आयताच आधार मिळतो.

सुपरचार्जरच्या बाजूनं एक हरकत मात्र भक्कम आहे. तो काढून ठेवता येतो, इंजिन बदललं की मागे फिरणं अवघड. हौसेच्या दुसऱ्या गाडीसाठी मी हा मुद्दा निर्णायक मानेन. रोजच्या गाडीला दुसराच निकष लागतो. पारोळ्याजवळ पट्टा तुटला किंवा ब्लोअरची बेअरिंग ओरडू लागली, तर तो भाग त्या दिवशी जळगावात किंवा धुळ्यात मिळेल का? बाहेरून मागवलेल्या किटचा मिळणार नाही, आणि गाडी उभी असतानाही मालकाला रोज कामावर जायचंच असतं.

कायद्यानं मोकळा ठेवलेला पर्याय म्हणजे त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन परवानगी घेऊन बसवणं आणि नवा नंबर आरसी बुकावर चढवणं. ऐकायला हे फुसकं वाटतं. पण ‘उचलत नाही’ म्हणणाऱ्या बहुतेक जुन्या गाड्यांचं कॉम्प्रेशन आधी तपासलेलंच नसतं. चारपैकी एक सिलिंडर मागे पडलेला, क्लचप्लेट घसरणारी, इंजेक्टर तुंबलेले आणि रेडिएटर अर्धा क्षारानं भरलेला, अशा गाडीत हरवलेली शक्ती परत मिळवणं हेच सर्वांत स्वस्त सुपरचार्जिंग आहे. तपासणीत दोष थोडा निघाला तर इंजिनकाम आणि नवा रेडिएटर पुरेल, जास्त निघाला तर त्याच जातीचं इंजिन. आणि सगळं ठीक असूनही गाडी खरोखरच कमी पडत असेल, तर सुपरचार्जर आणि ट्यूनिंगवर जाणारी रक्कम जुन्या गाडीच्या किमतीत मिळवून कारखान्यानंच टर्बो लावलेली वापरलेली गाडी घ्यावी. टाटाच्या नेक्सॉनमधलं बाराशे सीसीचं इंजिन सुरुवातीलाच ११० अश्वशक्तीचं होतं, आणि अशा गाड्या आता जुन्या बाजारात भरपूर आहेत. फक्त ती बघायला मे महिन्यात जावं, दुपारी तीन वाजता. ए.सी. पूर्ण लावून, चार माणसं बसवून चाळीसगावहून कन्नडचा घाट चढवावा, वर पोचल्यावर इंजिन बंद न करता दहा मिनिटं उभी ठेवावी, आणि पंखा किती वेळा लागतो ते ऐकून मगच भाव सांगावा.